दानीएलाच्या दृष्टान्तांतली चार राज्ये : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दानीएलाच्या पुस्तकातला दुसरा आणि सातवा अध्याय लागोपाठ वाचला की बायबल अभ्यासवर्गात तेच ते प्रश्न निघतात. त्यांतले बरेचसे इथे घेतले आहेत. कंसातले आकडे अध्याय आणि वचनाचे आहेत. पवित्र शास्त्र शेजारी उघडे ठेवून वाचलेले बरे.

समांतर दृष्टान्त म्हणजे नेमके कोणते?

मुख्य दोन. दुसऱ्या अध्यायात बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याला स्वप्नात एक प्रचंड पुतळा दिसतो: डोके सोन्याचे, छाती आणि हात चांदीचे, पोट आणि मांड्या पितळेच्या, पाय लोखंडाचे, पावले काही लोखंडाची आणि काही मातीची. कोणाचा हात न लागता सुटलेला एक पाषाण पावलांवर आदळतो, पुतळ्याचा भुगा होतो आणि त्या पाषाणाचा पर्वत होऊन सगळी पृथ्वी भरते. सातव्या अध्यायात खुद्द दानीएलाला खवळलेल्या समुद्रातून चार श्वापदे वर येताना दिसतात: गरुडाचे पंख असलेला सिंह, एका अंगावर उठलेले अस्वल, चार पंख आणि चार डोकी असलेला चित्ता, आणि चौथे, ज्याला कोणत्याच प्राण्याचे नाव देता येत नाही असे, लोखंडी दातांचे आणि दहा शिंगांचे.

यांच्या जोडीला आठव्या अध्यायातला एडका आणि बकरा येतो. अकराव्या अध्यायात तर चित्रेच नाहीत. तिथे राजांच्या लढाया आणि सोयरिकी सरळ सांगितल्या आहेत. तरी विषय तोच, साम्राज्यांची रांग आणि तिचा शेवट.

एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगण्याचे कारण काय?

जोडीने येणारे स्वप्न बायबलला नवे नाही. योसेफाच्या गोष्टीत फारोला आधी सात गायी दिसतात, मग सात कणसे. ही दोन्ही स्वप्ने एकच आहेत आणि ते दोनदा पडले याचा अर्थ देवाने गोष्ट ठरवून टाकली आहे, असे योसेफ स्वतः सांगतो (उत्पत्ती ४१:३२). दानीएलाचे पुस्तक त्याच रीतीने चालते.

पण पुनरुक्ती म्हणजे नक्कल नव्हे. सिंहासनावरच्या माणसाला साम्राज्य झळाळत्या पुतळ्यासारखे दिसते आणि त्यात सोन्याचे डोके तोच असतो. परागंदा होऊन परक्या दरबारात चाकरी करणाऱ्या ज्यू माणसाला तेच साम्राज्य हाडे चावणारे जनावर दिसते. या पुस्तकातली राजकीय टीका मला सर्वांत जास्त इथे जाणवते.

मांडणीही पाहण्यासारखी आहे. पुस्तक दोन भाषांत आहे. २:४ च्या मध्यापासून सातव्या अध्यायाच्या अखेरीपर्यंत अरामी, बाकीचे हिब्रू. या अरामी भागात अध्याय २ आणि ७ एकमेकांसमोर येतात (चार राज्ये), ३ आणि ६ समोरासमोर (अग्नीची भट्टी आणि सिंहांची गुहा), ४ आणि ५ समोरासमोर (गर्विष्ठ राजांचा पाडाव). दुसरा आणि सातवा अध्याय जोडीने वाचावेत, ही सोय पुस्तक रचणाऱ्यानेच करून ठेवली आहे.

राज्यांची नावे पुस्तकात दिली आहेत का?

काही दिली आहेत, आणि सारा अर्थ त्यांवरच अवलंबून आहे. "ते सुवर्णाचे शिर आपण आहात" असे दानीएल नबुखद्नेस्सरला सांगतो (२:३८), म्हणजे पहिले राज्य बाबेल. आठव्या अध्यायात गब्रीएल देवदूत स्पष्टच बोलतो: दोन शिंगांचा एडका म्हणजे मेदी व पारसी राजे (८:२०), केसाळ बकरा म्हणजे ग्रीसचा राजा (८:२१). बकरा जमिनीला पाय न लावता पश्चिमेकडून धावत येतो, एडक्याची दोन्ही शिंगे मोडतो, आणि ऐन भरात त्याचे मोठे शिंग तुटून तिथे चार उगवतात. इ.स.पू. ३३४ मध्ये आशियात उतरलेला सिकंदर तीन वर्षांत पारसी साम्राज्य मोडतो, इ.स.पू. ३२३ मध्ये बाबेलातच ३२ व्या वर्षी मरतो आणि त्याचे सेनापती राज्य वाटून घेतात. ही ओळख जवळजवळ सर्वांनाच मान्य आहे.

बाबेल, मेदी-पारस आणि ग्रीस या तीन खुंट्या भिंतीत पक्क्या ठोकलेल्या आहेत. बाकीचे काहीही टांगायचे तर यांच्यावरच. म्हणून नव्या वाचकाने आधी आठवा अध्याय वाचावा, मग ११:१–३५, मग सातवा, आणि सर्वांत शेवटी दुसरा. दुसऱ्यापासून सुरुवात करणारे बहुतेक जण पायाच्या बोटांत अडकून पडतात.

मग चौथे राज्य कोणते? रोम की ग्रीस?

खरा वाद हाच. पुस्तकात चौथ्याचे नाव कुठेही नाही.

रोमचा पक्ष असा: बाबेल, मेदी-पारस, ग्रीस, रोम. याचा आधार भक्कम आहे. आठव्या अध्यायात मेदी आणि पारसी मिळून एकच एडका आहे. बाबेलचा राजा बेलशस्सर याला भिंतीवरच्या लिखाणाचा अर्थ सांगतानाही राज्य "मेदी व पारसी" यांना एकत्र दिले जाते (५:२८). एका अंगावर उठलेले अस्वल आणि एक शिंग दुसऱ्यापेक्षा उंच असलेला एडका यांत साम्य आहे, कारण पारसी मागून येऊन मेदींवर वरचढ झाले. चित्त्याची चार डोकी आणि बकऱ्याची चार शिंगे हेही जुळते. मग चित्ता ग्रीस ठरतो आणि चौथी जागा रोमला उरते. प्राचीन ख्रिस्ती भाष्यकार हिप्पोलितस आणि जेरोम, धर्मसुधारक लूथर आणि कॅल्विन, सगळे याच बाजूचे. ज्यू परंपराही इकडेच झुकते. लेवीय राब्बा या मिद्राशात, म्हणजे जुन्या ज्यू भाष्यग्रंथात, अशुद्ध प्राण्यांच्या यादीतच चार राज्ये शोधली आहेत, आणि तिथले डुक्कर म्हणजे एदोम, म्हणजेच रोम.

ग्रीसचा पक्ष असा: बाबेल, मेदी, पारस, ग्रीस. याचे मुख्य बळ लहान शिंगात आहे. सातव्या अध्यायात चौथ्या श्वापदाला एक लहान शिंग फुटते, मोठमोठ्या गोष्टी बोलते आणि पवित्र जनांना छळते. आठव्या अध्यायातही लहान शिंग फुटते, फुशारकी मारते, मंदिर विटाळते. पण ते फुटते ग्रीसच्या बकऱ्याला. ही दोन शिंगे एकच असतील, तर चौथे श्वापद ग्रीसच. शिवाय लोखंड आणि माती यांची विवाहसंबंधांतून होणारी न टिकणारी मिसळण (२:४३) अकराव्या अध्यायातल्या सोयरिकींशी चपखल बसते. दक्षिणेच्या राजाची कन्या उत्तरेच्या राजाकडे जाते (११:६), पुढे उत्तरेची दक्षिणेकडे (११:१७). इजिप्तच्या (दक्षिणेच्या) टॉलेमी घराण्यातली बेरेनिकी सीरियाच्या (उत्तरेच्या) दुसऱ्या अंतियोखसाला दिली गेली आणि तिसऱ्या अंतियोखसाची मुलगी क्लिओपात्रा पाचव्या टॉलेमीला. दोन्ही सोयरिकींनी हवा तो राजकीय लाभ झाला नाही. सीरियातल्या ख्रिस्ती परंपरेत, विशेषतः जुना भाष्यकार एफ्रेम याच्याकडे, हे मत जुने आहे आणि आजचे बहुतेक इतिहासाभ्यासक याच बाजूला आहेत.

माझा कल ग्रीसकडे आहे, शिंगामुळे. पण अस्वल आणि चित्ता यांची अडचण या मतात खरोखर उरते. तीन फासळ्या धरलेल्या अस्वलाला एकट्या मेदींवर बसवायला बरीच ओढाताण करावी लागते. ही अडचण नाहीच असे सांगणाऱ्या भाष्यकारावर फार भरवसा ठेवू नये.

इतके स्पष्ट ग्रीस असेल तर पुढच्या लोकांनी रोम का वाचले?

कारण ग्रीस गेले आणि पाषाणाचा पर्वत झाला नाही, म्हणजे देवाचे राज्य आले नाही. इ.स. ७० मध्ये रोमन सैन्याने यरुशलेमचे मंदिर जाळल्यावर लिहिल्या गेलेल्या चौथ्या एज्रा या ज्यू ग्रंथात ही गोष्ट लपवलेलीही नाही. तिथे एज्राला समुद्रातून वर येणारा गरुड दिसतो आणि त्याला सांगितले जाते की तुझा भाऊ दानीएल याने पाहिलेले चौथे राज्य हेच, पण आता तुला जसा अर्थ सांगतो आहे तसा त्याला सांगितला नव्हता. जुन्या दृष्टान्ताला नवा अर्थ देताना इतकी उघड कबुली क्वचित वाचायला मिळते.

याच काळातला योसेफस हा ज्यू इतिहासकार आणखी मजेदार. पुतळ्याचा सगळा अर्थ सांगतो, पाषाणापाशी येतो आणि थांबतो: मी घडून गेलेल्या गोष्टी लिहायला बसलो आहे, घडणाऱ्या नव्हे. रोमन सम्राटाच्या आश्रयाला राहून रोमचा भुगा होणार हे लिहायचे तरी कसे!

चौथी जागा त्यानंतर कधी रिकामी राहिली नाही. बाराव्या शतकातला ज्यू भाष्यकार इब्न एज्रा याने ग्रीस आणि रोम एकत्र धरून चौथी जागा अरबांना दिली. धर्मसुधारणेच्या काळात प्रोटेस्टंटांनी लहान शिंगात पोप पाहिला. इंग्लंडमध्ये १६५० च्या दशकात एक पंथच निघाला. चार राज्ये संपली, आता पाचवे ख्रिस्ताचे राज्य आपणच आणायचे, असे त्यांचे म्हणणे. जानेवारी १६६१ मध्ये याच पंथाच्या थॉमस व्हेनरने मूठभर माणसांनिशी लंडनमध्ये बंड केले. ते काही दिवसांत चिरडले गेले आणि त्याला देहान्ताची शिक्षा झाली.

मेदींचे वेगळे राज्य इतिहासात होते का?

होते, पण बाबेलच्या नंतर नव्हे. पारसी राजा कोरेश (सायरस) याने मेदींचा राजा अस्त्यागेस याला इ.स.पू. ५५० मध्ये हरवले आणि बाबेल घेतले इ.स.पू. ५३९ मध्ये. म्हणजे बाबेल पडले तेव्हा मेदी आधीच पारसी राज्यात होते. पुस्तकात मात्र बेलशस्सरनंतर राज्य "दारयावेश मेदी" याच्या हाती जाते (५:३१). या नावाचा मेदी राजा बाबेलच्या मातीच्या पाट्यांत सापडत नाही. तो म्हणजे कोरेशाचा सेनापती, असे काही जण म्हणतात. खुद्द कोरेशच, असे दुसरे काही. ग्रीसच्या पक्षाला दारयावेश सोयीचा पडतो. इतिहासात नसले तरी पुस्तकाच्या मांडणीत मेदी अंमल वेगळा आहे, एवढे त्यांना पुरते.

आठव्या अध्यायातले लहान शिंग कोण?

अंतियोखस चौथा, स्वतःला एपिफानेस, म्हणजे 'प्रकट झालेला देव', म्हणवणारा. सीरियातला सेल्युकस घराण्याचा राजा, कारकीर्द इ.स.पू. १७५ ते १६४. इजिप्तवर त्याने दोनदा स्वारी केली. दुसऱ्या वेळी, इ.स.पू. १६८ मध्ये, अलेक्झांड्रियाजवळ रोमन दूत पोपिलियस लेनास त्याला भेटला, काठीने त्याच्याभोवती वाळूत वर्तुळ काढले आणि बाहेर पाय टाकण्याआधी उत्तर दे म्हणाला. अंतियोखस माघारी फिरला. ११:३० मधली कित्तीमची जहाजे ती हीच. पुढच्या वर्षी त्याने यरुशलेममध्ये नित्याचे होमार्पण बंद पाडले, शब्बाथ आणि सुंता यांवर बंदी घातली आणि मंदिरातल्या वेदीवर परकी वेदी चढवली. मक्काबी बंधूंनी लढून इ.स.पू. १६४ च्या डिसेंबरात मंदिर परत शुद्ध केले. हनुक्का हा सण त्याचाच.

याचा कोकणातल्या बेने इस्रायल समाजाशी काही संबंध जोडतात का?

हो, त्यांच्याच परंपरेत जोडला जातो. अंतियोखसाच्या छळाला कंटाळून पूर्वज गालीलातून निघाले, अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटले आणि सात जोडपी वाचली, अशी ती कथा. या समाजात हनुक्का पूर्वी माहीत नव्हता, याचा दाखला त्यासाठी देतात: सण सुरू होण्याआधीच पूर्वज देश सोडून निघाले होते. समकालीन कागदपत्रांचा आधार या कथेला नाही, आणि स्थलांतराचा काळ अभ्यासक वेगवेगळा मानतात. तरीही दानीएलाच्या लहान शिंगाची आठवण मराठी बोलणाऱ्या एका समाजाच्या मूळकथेत जिवंत राहिली, हे मराठी वाचकाला माहीत असायला हवे.

अकरावा अध्याय इतका बारकाईने खरा कसा ठरतो?

इथे श्रद्धावान आणि इतिहासाभ्यासक यांच्या वाटा फुटतात. इ.स. तिसऱ्या शतकातला पोर्फिरी हा ख्रिस्ती धर्माचा विरोधक म्हणाला, हे भविष्य नव्हेच. अंतियोखसाच्या काळात कोणी तरी घडून गेलेला इतिहास दानीएलाच्या तोंडी घातला. त्याचा ग्रंथ नष्ट झाला. त्याचे म्हणणे आपल्याला कळते ते मुख्यतः जेरोमने इ.स. ४०७ च्या सुमारास त्याचे खंडन केले म्हणून.

पोर्फिरीचा धार्मिक हेतू बाजूला ठेवला तरी निरीक्षण टिकते. ११:३९ पर्यंतचा मजकूर घडलेल्या घटनांशी जुळतो. ११:४० पासून जुळणे थांबते. तिथे राजा समुद्र आणि पवित्र डोंगर यांच्यामध्ये तळ देऊन अंत पावतो. प्रत्यक्षात अंतियोखस पूर्वेकडे, पारस देशाच्या बाजूला मेला. ज्यांना पुस्तक इ.स.पू. सहाव्या शतकातले वाटते ते म्हणतात, ११:४० पासून विषय बदलतो आणि शेवटच्या काळातला ख्रिस्तविरोधी पुढे येतो. ज्यांना ते इ.स.पू. दुसऱ्या शतकातले वाटते ते म्हणतात, लेखकाचा वर्तमान इथे संपला. वचनात मात्र विषय बदलल्याची खूण दिसत नाही. उत्तरेचा आणि दक्षिणेचा राजा तेच राहतात.

साडेतीन काळ, २,३०० संध्याकाळ-सकाळ... हे दिवस की वर्षे?

"एक काळ, दोन काळ व अर्धा काळ" (७:२५) म्हणजे साडेतीन वर्षे, असे साधारण धरतात. २,३०० संध्याकाळ-सकाळ (८:१४) हा रोजच्या दोन होमार्पणांचा हिशेब मानला तर १,१५० दिवस होतात, म्हणजे तीन वर्षे आणि वर थोडे. मंदिर विटाळले त्या काळाच्या ते जवळ जाते, तंतोतंत नाही.

एक दिवस म्हणजे एक वर्ष, हा दुसरा हिशेब. अमेरिकेतला शेतकरी-उपदेशक विल्यम मिलर याने इ.स.पू. ४५७ पासून २,३०० वर्षे मोजली. त्याच्या अनुयायांनी अखेर २२ ऑक्टोबर १८४४ हा दिवस नक्की केला. ख्रिस्त आला नाही. त्या निराशेतून सावरलेल्यांपैकी काहींनी पुढे सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट मंडळी उभी केली. त्या दिवशी पृथ्वीवर नव्हे तर स्वर्गातल्या पवित्रस्थानात काही घडले, असा अर्थ ते घेतात. पुण्यात या मंडळीची जुनी शिक्षणसंस्था असल्याने पुतळ्याच्या चित्रावर राज्यांची नावे आणि सनावळ्या लिहिलेले तक्ते आपल्याकडेही पाहायला मिळतात. तक्ता वाईट नाही. पण दिवसाला वर्ष धरण्याचा नियम त्यांनी गणना १४:३४ आणि यहेज्केल ४:६ वरून आणलेला आहे. दानीएल ८ मध्ये तो दिलेला नाही, एवढे वाचणाऱ्याने लक्षात ठेवावे.

पायाची दहा बोटे म्हणजे युरोपातले दहा देश का?

दुसऱ्या अध्यायात बोटांचा उल्लेख आहे. 'दहा' हा आकडा नाही. वाचून पाहा. तो सातव्या अध्यायातल्या शिंगांवरून आणून बोटांना चिकटवला जातो. १९८१ मध्ये ग्रीस युरोपीय समुदायाचा दहावा सदस्य झाला तेव्हा अनेकांना शिंगे पूर्ण झाल्यासारखी वाटली. १९८६ मध्ये स्पेन आणि पोर्तुगाल आत आले नि बारा झाली.

सोने, चांदी, पितळ, लोखंड: हे आपल्या चार युगांसारखेच नाही का?

उतरंडीची कल्पना सारखी आहे. ग्रीक कवी हेसिओडकडेही सोन्याची, चांदीची, पितळेची आणि लोखंडाची पिढी येते, मध्ये वीरांची एक घुसते. जरथुष्ट्री परंपरेतल्या एका ग्रंथात चार धातूंच्या फांद्यांचे झाड आहे. प्राचीन जगात हे चित्र फिरत होते, हे नक्की. पण कलियुगानंतर चक्र फिरून पुन्हा सत्ययुग येते. दानीएलाचा पुतळा एकदाच पडतो आणि वाऱ्याने भुसा उडावा तसा त्याचा मागमूस राहत नाही. शिवाय युगांत धर्म घटतो. पुतळ्यात मात्र धातूची किंमत उतरत जाते आणि कणखरपणा वाढतो. लोखंड सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त चुरडणारे.

मानवपुत्रासारखा तो कोण?

मेघांसह येऊन राज्य स्वीकारणारा (७:१३). त्याच अध्यायात थोडे पुढे ते राज्य परात्पर देवाच्या पवित्र जनांना मिळते (७:१८, ७:२७). म्हणून इब्न एज्रासारखे काही ज्यू भाष्यकार ही आकृती म्हणजे इस्राएल लोक असे समजतात, तर इतर काही मसीहा. आधुनिक अभ्यासकांपैकी काहींना तो मीखाएल देवदूत वाटतो. ख्रिस्ती वाचकासाठी प्रश्न येशूच्या चौकशीत, महायाजकासमोर सुटतो. येशू हेच वचन स्वतःविषयी उच्चारतो (मार्क १४:६२), आणि तोच देवनिंदेचा पुरावा ठरतो. माझ्या मते दोन्ही एकत्र धरता येतात. श्वापद जसे एकाच वेळी राजा (७:१७) आणि राज्य (७:२३) आहे, तसा हा एकाच वेळी एक आणि अनेक.

प्रकटीकरणातले श्वापद यांपैकी कोणते?

सगळीच. बायबलातले शेवटचे पुस्तक प्रकटीकरण, त्याच्या तेराव्या अध्यायात समुद्रातून वर येणारे श्वापद चित्त्यासारखे आहे, पाय अस्वलाचे, तोंड सिंहाचे, शिंगे दहा. दानीएलाची चारही श्वापदे एकात ओतली आहेत, आणि क्रमही उलटा: दानीएल पुढे पाहत होता, प्रकटीकरण लिहिणारा योहान मागे वळून पाहतो. साडेतीन काळही तिथे ४२ महिने आणि १,२६० दिवस होऊन परत येतात. सतराव्या अध्यायात सात डोकी म्हणजे सात डोंगर, हे वाचून रोम ओळखायला त्या काळी कोणालाच कष्ट पडले नसतील.

अडचण येते ती सात राजांपाशी: "पाच पडले आहेत, एक आहे, आणि दुसरा अजून आलेला नाही" (१७:१०). ऑगस्टसपासून मोजले तर सहावा गाल्बा, ज्युलियस सीझरपासून मोजले तर नीरो, मधले तीन अल्पजीवी सम्राट गाळले तर वेस्पासियन. आणि प्राचीन ख्रिस्ती लेखक आयरेनियस तर हे पुस्तक सम्राट डोमिशियनच्या अखेरच्या काळातले म्हणतो. सम्राटांची यादी जुळवण्यापेक्षा दानीएलाच्या सातव्या अध्यायात परत जाऊन डोकी मोजावीत. सिंहाचे एक, अस्वलाचे एक, चित्त्याची चार, चौथ्याचे एक.